न उघडलेल्या तीन पेट्या

 

आज आम्ही तुम्हांला लांबची आणि जुनी गोष्ट सांगणार आहोत. ठिकाण अमेरिकेतलं न्यूयॉर्क राज्य, साल १७९२. आपल्याकडे तेव्हा पुण्यात सवाई माधवराव पेशवे गादीवर होते आणि कारभार नाना फडणवीस पाहत होते. मत, मतदार, मतपेटी हे शब्द आपल्या गावांनी ऐकलेसुद्धा नव्हते. तिकडे मात्र राज्याचा कारभारी निवडायला लोकांनी मतं दिली आणि त्यांतल्या तीन जिल्ह्यांची मतं न मोजताच जाळून टाकली गेली. ती मतं देणाऱ्यांची काहीएक चूक नव्हती.

तुम्ही म्हणाल, ह्या बायांना आज अमेरिका कुठून आठवली? सांगतो. गेल्या महिन्यात आमच्या एका गटाचं कर्जाचं प्रकरण बँकेतून परत आलं. ठराव सगळ्यांनी मिळून केलेला, सह्या-अंगठे जागच्या जागी. पण सचिव म्हणून सही होती जुन्या सचिवताईंची, आणि त्यांची मुदत संपून दीड महिना झालेला. नव्या सचिवताई निवडल्या होत्या, पण त्यांची सही अजून बँकेच्या कार्डावर चढली नव्हती. बारा जणींचं काम एका सहीपायी अडलं. बैठकीत एक मावशी चिडून म्हणाल्या, "आपला ठराव काय खोटा आहे का?" ठराव खोटा नव्हता. आणि खरं सांगायचं तर बँकेचंही चूक नव्हतं. आमच्यातल्या एकीनं बी. ए.ला राज्यशास्त्र घेतलं होतं, तिला तेव्हा ही न्यूयॉर्कची निवडणूक आठवली. आमचं प्रकरण पुढच्या आठवड्यात मार्गी लागलं. त्या लोकांचं तसं झालं नाही.

आधी एक शब्द समजून घेऊ. गव्हर्नर म्हटलं की आपल्याला राज्यपाल आठवतात. आपल्या राज्यपालांना राष्ट्रपती नेमतात आणि रोजचा कारभार मुख्यमंत्री बघतात. अमेरिकेत तसं नाही. तिथे गव्हर्नर हाच राज्याचा कारभारी. १७७६ साली इंग्रजांपासून वेगळी झालेली जी तेरा राज्यं होती, त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी गव्हर्नर आमदारच निवडायचे. न्यूयॉर्कनं मात्र १७७७ च्या आपल्या घटनेत लिहिलं की गव्हर्नर मतदारांनी निवडायचा, तोही दर तीन वर्षांनी.

पण मतदार म्हणजे कोण? गव्हर्नरच्या निवडणुकीत मत द्यायचं तर कर्ज वजा जाता शंभर पौंडांची स्वतःच्या मालकीची जमीन पाहिजे. कसणारा पण कुळ असलेला त्यात नाही. आणि बाई तर नाहीच. १७९० च्या शिरगणतीत न्यूयॉर्क राज्यात ३ लाख ४० हजार माणसं होती, त्यांतली २१ हजारांहून अधिक गुलाम. १७९२ च्या निवडणुकीत मोजली गेलेली मतं किती? दोन्ही उमेदवारांची मिळून १६,७७२. म्हणजे ज्या लोकशाहीची ही गोष्ट आहे ती मुळातच आखूड होती, हे ध्यानात ठेवून पुढे ऐका.

उमेदवार दोन. एक जॉर्ज क्लिंटन. हे १७७७ पासून सलग गव्हर्नर, म्हणजे पंधरा वर्षं खुर्चीवर. इंग्रजांशी लढाई झाली तेव्हाचे सेनानी, लहान शेतकऱ्यांत त्यांना मान. पण पंधरा वर्षांत माणसाभोवती माणसं जमतात, नेमणुका आपल्याच लोकांना मिळतात, आणि बाकीचे कंटाळतात. आधीच्या, १७८९ च्या निवडणुकीत ते अवघ्या ४२९ मतांनी निवडून आले होते.

दुसरे जॉन जे. आडनाव नुसतं 'जे' आहे, म्हणून ऐकताना घोटाळा नको. आम्ही पूर्ण नावच घेऊ. हे वकील, पैसेवाल्या व्यापारी घरातले. १७७७ ची न्यूयॉर्कची घटना लिहिण्यात मुख्य हात त्यांचाच. १७९२ मध्ये ते साऱ्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले सरन्यायाधीश होते आणि त्या पदावर राहूनच उमेदवार झाले. प्रचाराला ते फिरले नाहीत, ते काम त्यांच्या बाजूच्या लोकांनी केलं. त्यांत पुढारी अलेक्झांडर हॅमिल्टन, ज्यांचं चित्र आज अमेरिकेच्या दहा डॉलरच्या नोटेवर असतं.

जॉन जे यांच्याविरुद्ध एक गोष्ट गावोगाव पसरवली गेली. गुलामांना मुक्त करावं म्हणून न्यूयॉर्कमध्ये १७८५ साली जी संस्था निघाली तिचे ते पहिले अध्यक्ष होते. ज्यांच्या शेतावर गुलाम राबत होते त्यांना सांगितलं गेलं, हा माणूस आला तर तुमचे गुलाम गेले. गंमत अशी, की त्यांच्या स्वतःच्या घरीही गुलाम होते. माणसं अशीच असतात, एका अंगानं पुढची आणि दुसऱ्या अंगानं मागचीच.

जॉन जे यांच्या पत्नी सारा. त्यांचं माहेर शेजारच्या न्यू जर्सी राज्यातलं. वडील विल्यम लिव्हिंग्स्टन हे स्वातंत्र्यानंतरचे न्यू जर्सीचे पहिले गव्हर्नर. आता न्यू जर्सीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. तिथल्या १७७६ च्या घटनेत मतदाराबद्दल लिहिताना 'सर्व रहिवासी' असा शब्द पडला, पुरुष असा नाही. पन्नास पौंडांची मालमत्ता असली की मत. त्यामुळे तिथल्या विधवा आणि बिनलग्नाच्या बायका खरोखर जाऊन मत देत होत्या. लग्न झालेलीला मात्र नाही, कारण कायद्यानं तिची मालमत्ता नवऱ्याची झालेली, तिच्या नावावर पन्नास पौंड यायचेच कुठून? पुढे १८०७ साली कायदा करून बायकांचा तोही हक्क काढून घेतला. म्हणजे सारा माहेरी असत्या तरी मत नाही आणि सासरी तर नाहीच. पण नवरा न्यायालयाच्या कामाला परगावी गेलेला असताना निवडणुकीची खबर त्याला पत्रांतून कळवत होत्या त्या साराच. त्यात त्यांच्या माहेरच्या लिव्हिंग्स्टन घराण्यातले भाऊबंद ह्या वेळी क्लिंटन यांच्या बाजूला गेलेले. भावकीत निवडणूक शिरली की काय होतं ते आपल्याला कुणी सांगायला नको.

आता मतदानाची रीत. एप्रिलच्या शेवटच्या मंगळवारपासून मतदान सुरू व्हायचं. पूर्वी तिथे सगळ्यांसमोर तोंडानं नाव सांगून मत द्यायची पद्धत होती. गव्हर्नरसाठी ती बदलून चिठ्ठीनं गुप्त मतदान आणलं होतं. गावागावांतल्या चिठ्ठ्या बंद करून त्या जिल्ह्याच्या शेरीफकडे द्यायच्या. शेरीफ म्हणजे त्या काळचा जिल्ह्याचा मोठा अंमलदार, कायदा-सुव्यवस्था बघणारा. आपल्या मुंबईत इंग्रजांनी तेच पद आणलं. त्याला आपण नगरपाल म्हणतो. ते आता फक्त मानाचं उरलं. तर शेरीफनं सगळ्या गावांची मतं एका पेटीत घालायची, पेटी मोहोरबंद करायची आणि राज्याच्या सचिवाच्या कार्यालयात पोचवायची. स्वतः किंवा आपल्या अधिकृत मदतनिसाच्या हातून. मोजणी गावात नाही, जिल्ह्यात नाही. सगळ्या राज्याची मोजणी एकाच ठिकाणी, न्यूयॉर्क शहरात.

मोजणारे कोण? तर आमदारच. विधिमंडळाच्या दोन सभागृहांतून सहा-सहा, असे बारा जण. त्यांत क्लिंटन यांच्या बाजूचे जास्त. त्यांचा बहुमतानं झालेला निर्णय शेवटचा, त्याच्यावर अपील नाही. आणि मोजणी संपली की चिठ्ठ्या जाळायच्या, असा कायदाच होता. चिठ्ठ्या मागे ठेवल्या तर कोण कुणाला मत देऊन गेलं हे हस्ताक्षरावरून कुणी शोधेल, ही एक भीती त्यानं मिटली असेल. पण फेरमोजणीची वाटही त्यानंच बंद झाली.

मे महिन्याच्या शेवटी मोजणी सुरू झाली. तीन जिल्ह्यांच्या पेट्यांपाशी गाडी अडली.

पहिला जिल्हा टायोगा. शेरीफनं पेटी रीतसर आपल्या मदतनिसाकडे दिली. मदतनीस वाटेत आजारी पडला. त्यानं पेटी आपल्या कारकुनाच्या हाती दिली आणि कारकुनानं ती सचिवाच्या कार्यालयात नेऊन पोचवली. पेटीला काही झालेलं नव्हतं. पण कारकून म्हणजे शेरीफही नव्हे आणि शेरीफचा मदतनीसही नव्हे.

दुसरा जिल्हा क्लिंटन. हो, नाव तेच, गव्हर्नरसाहेबांच्याच नावावरून पडलेलं. तिथे शेरीफनं ज्या माणसाकडे पेटी दिली त्याला 'तू माझा मदतनीस' असं तोंडानं सांगितलं, लेखी काही दिलं नाही.

तिसरा जिल्हा ओट्सेगो, आणि खरी गोष्ट इथलीच. हा नवा जिल्हा, १७९१ मध्येच झालेला. जंगल तोडून शेती करणारी नवी वस्ती, वाटा धड नाहीत, न्यूयॉर्क शहर सुमारे २०० मैलांवर. शेरीफ होते रिचर्ड स्मिथ. शेरीफची नेमणूक एका वर्षाची असायची. स्मिथ यांचं वर्ष फेब्रुवारी १७९२ मध्ये संपलं. पुन्हा हे काम नको असं त्यांनी आधीच कळवलं होतं. ३० मार्चला त्यांच्या जागी बेंजामिन गिल्बर्ट यांची नेमणूक झाली. पण गिल्बर्ट यांनी शपथ घेऊन काम हाती घेतलं ११ मे रोजी. आणि गावांची मतं शेरीफकडे आली ३ मे रोजी.

बायांनो, हिशोब करून बघा. ३ मे रोजी ओट्सेगोचा शेरीफ कोण? जुन्याची मुदत संपलेली आणि नव्याची शपथ व्हायची. जिल्ह्यात दुसरा कुणीच नाही. स्मिथ यांनी मतं घेतली, पेटी बंद केली, मदतनिसाबरोबर पाठवली. त्यांत आणखी दोन गोष्टी विरोधकांना सापडल्या. त्याच सुमारास स्मिथ गावच्या एका दुसऱ्या पदावरही निवडून आले होते. आणि चेरी व्हॅली गावची मतं पेटीत नव्हती. कागदात गुंडाळून वेगळा पुडा करून, त्यावर नाव लिहून पेटीबरोबर दिली होती.

आता ह्या पेटीला एवढं महत्त्व का? ओट्सेगोत जॉन जे यांना चारशेच्या आसपास आघाडी असावी असा सगळ्यांचाच अंदाज होता. आणि बाकीच्या जिल्ह्यांच्या मोजणीत क्लिंटन पुढे होते, पण थोड्याच मतांनी. ओट्सेगोची पेटी उघडली तर एक गव्हर्नर, नाही उघडली तर दुसरा. मोजणाऱ्यांना हे पुरतं ठाऊक होतं.

त्यांनी सल्ला मागितला तो राज्याच्या दोन बड्या वकिलांकडे. दोघेही न्यूयॉर्कतर्फे अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसणारे. एक रूफस किंग, दुसरे ॲरन बर. एकच कायदा, एकच कागद, आणि ओट्सेगोबद्दल उत्तरं दोन. किंग म्हणाले, नवा माणूस शपथ घेईपर्यंत जुन्यानंच काम बघायचं असतं, नाहीतर जिल्हा उघडा पडेल. आणि जो उघडपणे शेरीफ म्हणून काम करतोय, ज्याला सगळे शेरीफ मानतायत, त्यानं केलेलं काम लोकांच्या बाबतीत खरंच धरायला हवं. बर म्हणाले, घटनेत मुदत एका वर्षाची आहे. वर्ष संपलं, शेरीफपण संपलं. अशा माणसाच्या हातून आलेली पेटी ही कायद्यानं पेटीच नव्हे.

मोजणाऱ्यांत मत पडलं. सात जण म्हणाले मोजू नका, चार जण म्हणाले मोजा. तिन्ही पेट्या बाजूला ठेवल्या. १२ जून १७९२ रोजी निकाल लागला: जॉर्ज क्लिंटन ८,४४०, जॉन जे ८,३३२. क्लिंटन १०८ मतांनी विजयी. चिठ्ठ्या जाळल्या गेल्या. ओट्सेगोच्या पेटीत नेमकं काय होतं हे आता कुणालाही कधीच कळणार नाही.

ही गोष्ट आम्ही आधी आमच्या प्रभागसंघाच्या बैठकीत सांगितली, तेव्हा आमच्यातच दोन तट पडले. बऱ्याच जणी सरळ म्हणाल्या, हा दरोडाच. मत देणाऱ्यानं डोंगर उतरून येऊन मत दिलं, त्याची चूक काय? शेरीफ वेळेवर नेमायचं काम सरकारचं, शपथ वेळेवर घ्यायचं काम गिल्बर्टचं, आणि शिक्षा मतदाराला?

पण आमच्या एका लेखापाल ताईंनी दुसरी बाजू मांडली, आणि ती आम्हांला खोडून काढता आली नाही. त्या म्हणाल्या, पेटी कुणाच्याही हातून चालते असं एकदा मान्य केलं की उद्या पेटी कुणाच्या हातून येईल? २०० मैलांचा रस्ता, मधे जंगल, रात्रीचे मुक्काम. वाटेत पेटी कुणी उघडली नाही याची खात्री काय? एकच खात्री, की जो आणतोय तो शपथ घेतलेला, जबाबदार माणूस आहे, उद्या त्याला धरता येईल. नियम कागदी वाटतो, पण तो मतदारासाठीच केलेला असतो. आपण रोकड मोजताना दोघींच्या सह्या का घेतो, असं त्यांनी विचारलं, तेव्हा सगळ्या जरा गप्प झाल्या.

त्यातच ओट्सेगोची मतंही काही धुतल्या तांदळासारखी नव्हती. तिथले बडे जमीनदार विल्यम कूपर. कूपरस्टाउन गाव त्यांनीच वसवलं, त्यांच्याच नावाचं. त्यांनी नव्या वस्तीतल्या लोकांना उधारीवर जमिनी विकल्या होत्या, आणि जिल्ह्याचे न्यायाधीशही तेच. ते जॉन जे यांच्या बाजूनं जीव तोडून फिरले. विरोधकांचा आरोप असा, की ज्यांच्याकडे पैसे थकले होते त्यांना कूपर यांनी दरडावून मतं द्यायला लावली. विधिमंडळात तशी तक्रारही गेली, पण त्यांना शिक्षा काही झाली नाही. चिठ्ठी गुप्त असते खरी, पण सावकारासमोर किती गुप्त राहते, हे त्या गावातल्या कर्जदारालाच माहीत.

तरीही आम्ही शेवटी जिथे आलो ते असं. नियमाचं काम पेटी खरी आहे की नाही हे बघण्याचं. इथे पेटी फोडली, चिठ्ठ्या बदलल्या असा मुद्दाच नव्हता. पेटी खरी आहे हे दिसत असताना आणण्याऱ्याचा कागद अपुरा म्हणून ती न उघडणं, आणि तेही ज्यांच्या माणसाचा त्यात फायदा आहे त्यांनीच ठरवणं, हे आम्हांला पटलं नाही. लेखापाल ताईंनाही नाही. त्यांचं म्हणणं, नियम पाळा, पण ज्याची चूक त्याला दंड करा. स्मिथला करा, गिल्बर्टला करा. आणि मोजणारा उमेदवाराच्या घरचा नसावा. आमच्या ग्रामसंघाच्या निवडीला बाहेरच्या गावच्या ताई निरीक्षक म्हणून का बोलावतात, हे आम्हांला त्या दिवशी नीट उमगलं. नाहीतर आम्ही आपलं चहापाण्याचा खर्च वाढतो म्हणून कुरकुरायचो.

कागदापायी मत जाणं हे फक्त तिकडचंच नाही बरं का. आपल्या देशाच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत, १९५१-५२ साली, सुमारे २८ लाख बायांची नावं मतदार यादीतून गळाली. का? तर यादीत त्यांनी स्वतःचं नाव सांगितलंच नव्हतं, अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच लिहिलेलं. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या. निवडणूक आयोगानं म्हटलं, नाव नाही तर मत नाही. हा निर्णय कडक होता, पण पुढच्या वेळी बाया आपापली नावं सांगायला लागल्या. ओट्सेगोच्या निर्णयातून असं काही चांगलं निघाल्याचं आम्हांला दिसत नाही.

असो. न्यूयॉर्कला परत जाऊ. निकाल कळला तसे जॉन जे यांच्या बाजूचे लोक पेटून उठले. ठिकठिकाणी सभा झाल्या, निषेधाचे ठराव झाले. मेजवान्यांत लोक 'जनतेनं निवडलेले गव्हर्नर' म्हणून जॉन जे यांच्या नावानं प्याले उंचावू लागले. मोजणाऱ्या सात जणांनी आपली कारणं छापली, विरोधातल्या चौघांनी आपली. कुणी म्हणे नवी सभा भरवून निकालच उलटवू, कुणी हातघाईची भाषा बोलू लागला. जॉन जे तेव्हा न्यायालयाच्या दौऱ्यावर होते. परतताना वाटेतल्या गावांत लोक त्यांना सामोरे आले. त्या वेळी त्यांनी एक शब्द चुकीचा काढला असता तर काय झालं असतं सांगता येत नाही. लढाई संपून जेमतेम नऊ वर्षं झाली होती आणि घरोघरी बंदुका होत्या. पण त्यांनी लोकांना शांत राहायला सांगितलं. साराला लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटलं, की थोड्या वर्षांत आपण सगळे मातीला मिळू, तेव्हा राज्यावर राज्य केलं की नाही यापेक्षा स्वतःवर केलं की नाही हेच माझ्या दृष्टीनं मोठं असेल.

पुढे विधिमंडळानं चौकशी केली आणि मोजणाऱ्यांनी काही वाईट हेतूनं केलं नाही असा निर्वाळा दिला. आता विधिमंडळ कुणाचं होतं ते तुम्हांला आठवत असेलच.

तीन वर्षं गेली. १७९५ च्या निवडणुकीला क्लिंटन उभेच राहिले नाहीत. जॉन जे तेव्हा इंग्लंडात सरकारच्या कामाला, तह करायला गेलेले. ते तिकडे असतानाच लोकांनी त्यांना १,५८९ मतांच्या आघाडीनं निवडून दिलं, आणि मे अखेर बोटीतून उतरल्यावर त्यांना कळलं की आपण गव्हर्नर झालो. ज्या गोष्टीची भीती घालून १७९२ मध्ये त्यांची मतं तोडली होती ती १७९९ मध्ये घडली. त्यांच्याच सहीनं न्यूयॉर्कमध्ये गुलामी हळूहळू बंद करायचा कायदा झाला. हळूहळू म्हणजे फारच हळू: ४ जुलै १७९९ नंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं मूल स्वतंत्र, पण मुलीनं पंचविसाव्या आणि मुलानं अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत आईच्या मालकाकडे राबायचं. त्या आयांना तर त्या कायद्यानं काहीच दिलं नाही.

आणखी एक प्रसंग सांगून थांबतो. साल १८००. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची निवडणूक जवळ आलेली. तिकडे राष्ट्राध्यक्ष निवडणारे प्रतिनिधी न्यूयॉर्कमध्ये विधिमंडळ ठरवायचं. मे महिन्यात विधिमंडळाच्या निवडणुकीत जॉन जे यांचा पक्ष हरला, आणि ह्या वेळी जिंकणाऱ्यांत पुढे होते तेच ॲरन बर, ज्यांनी ओट्सेगोची पेटी उघडू नका म्हणून सल्ला दिला होता. नवे आमदार अजून बसायचे होते. तेवढ्यात हॅमिल्टन यांनी गव्हर्नर जॉन जे यांना पत्र पाठवलं: जुन्याच विधिमंडळाला घाईनं बोलवा, नियम बदलून घ्या, प्रतिनिधी वेगळ्या पद्धतीनं निवडू, म्हणजे विरोधकांचा माणूस राष्ट्राध्यक्ष होणार नाही. कायद्यात बसत होतं. जुन्या आमदारांची मुदत अजून संपलेली नव्हती. आणि सांगणारा माणूस तोच, ज्यानं १७९२ मध्ये जॉन जे यांच्यासाठी रान उठवलं होतं.

जॉन जे यांनी विधिमंडळ बोलावलं नाही. बर उपराष्ट्राध्यक्ष झाले. हॅमिल्टन यांचं ते पत्र जॉन जे यांच्या कागदांत मिळालं, त्यावर त्यांच्या हातची नोंद होती, की हे सुचवलंय ते पक्षाच्या फायद्यासाठी, आणि ते करणं मला शोभणार नाही.